साडेएकतीस

कार्डावरचं अक्षर माझंच होतं. कंबर साडेएकतीस, सीट सदतीस, लांबी सव्वाचोवीस. शाई अजून ओली होती आणि ज्याची मापं मी दोन मिनिटांपूर्वी घेतली होती तो माणूस जिना उतरून खाली दुकानात स्ट्रूअनशी बोलत होता. त्याचा भरदार आवाज फळ्यांच्या फटींतून वर येत होता. मिस्टर ओपोकू, लीथ वॉकवरून बस चालवणारा, पन्नाशीला टेकलेला, पोटाने चांगला सुटलेला गृहस्थ. टेप त्याच्या पाठीमागून पुढे आणताना मला दोन्ही हात पुरते पसरावे लागले होते. साडेएकतीस इंचांत तो शाळेत असतानाच मावेनासा झाला असेल. मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. आकडे तेच. पन्नास वर्षं मी पुरुषांनी कंबरेला गुंडाळायचे चुण्यांचे किल्ट शिवते आहे, माझं माप चुकलं असं कुणी म्हणायची हिंमत केलेली नाही, आणि हेही माप चुकलेलं नव्हतं. ते बरोबर होतं, फक्त माणूस दुसरा होता. ही इनिसची मापं होती. माझ्या मुलाची. येत्या मे महिन्यात त्याला जाऊन सव्वीस वर्षं होतील आणि या सव्वीस वर्षांत मी ते तीन आकडे एका ओळीत कधी लिहिले नव्हते.

मी काही हळवी बाई नव्हे. सकाळी टोस्ट नीट भाजला नाही तर मी दिवसभर कुरकुरते, पण रडत बसत नाही. तेव्हा आधी मी झालं तसं आठवून पाहिलं. ओपोकू वर आला तो धापा टाकत आला. आमचा जिना उभा आहे. खुर्चीवर बसून त्याने कपाळ पुसलं आणि म्हणाला, "मॅडम, खाली तो मालक मला खिसे दाखवतोय. सहा खिसे. मी म्हटलं, बाबा रे, मला मुलीच्या लग्नाला जायचंय, नळ दुरुस्त करायला नाही." स्ट्रूअन रॅटरे आमचा मालक, त्याच्या वडिलांच्या हाताखाली मी उमेदवारी केली. त्याने दुकानाच्या काचेत आता काळे डेनिमचे, लष्करी ठिपक्यांचे, चामड्याचे, खिसेवाले किल्ट लावले आहेत आणि तेच खपतात. मी वरच्या खोलीत बसून लोकरीचे आठ वार हाताने शिवते. तो मला काही म्हणत नाही, मी त्याला सगळं म्हणते. मी ओपोकूला म्हटलं, "एका दिवसासाठी शिवून कशाला घेता? भाड्याने घ्या." तो म्हणाला, "होणारा जावईही हेच सांगतो. रोरी नाव त्याचं. आजा, पणजा सगळे इथलेच, पर्थकडचे, आणि हा पठ्ठ्या घालणार एकरंगी करडा, खिसेवाला. चौकटींत म्हणे त्याला गुदमरल्यासारखं होतं. म्हणून मी ठरवलं, त्या चर्चमध्ये एका माणसाने तरी नीट कपडे घालायला हवेत."

मला हसू आलं, आणि गिऱ्हाइकांसमोर मी सहसा हसत नाही. "लोक विचारतील, तुमचा काय संबंध म्हणून," मी म्हटलं. "विचारतातच की. एकोणीस वर्षं इथे बस चालवतोय, अजून विचारतात, मूळचे कुठले. माझे मामा तिकडे मायदेशी कुमासीजवळ माग चालवायचे, मॅडम. आमचं ते पट्ट्यापट्ट्यांचं कापड आता जगात कुणीही खांद्यावर टाकतं. मामा म्हणायचे, नीट नेसा, माझं काही म्हणणं नाही. गबाळं नेसलात तर घरी येऊन सोडून घेईन." मला ते मामा आवडले. किल्ट कुणी घालावा याबद्दल दरवर्षी कुणीतरी माझ्याशी हुज्जत घालतं, बहुधा असा माणूस ज्याने आयुष्यात भाड्याचाच घातलेला असतो. माझ्यापुढे जपानहून आलेले, ब्राझीलहून आलेले, शेजारच्या गल्लीतून आलेले, सगळे गुडघ्यांवरच बसतात, कारण लांबी तशीच मोजायची असते. काठ जमिनीला जेमतेम टेकता टेकता राहिला पाहिजे. गुडघ्यांवर बसलेला माणूस कुठल्या कुळातला आहे हे टेपला कळत नाही. हे सगळं मी ओपोकूला सांगणार होते, पण तो उठून माझ्या टेबलामागच्या भिंतीकडे गेला होता. तिथे टाचणीला एक तुकडा लावलेला आहे, तळहाताएवढा. पावसाळी आभाळासारखा करडा-निळा आणि त्यातून जाणारी पिवळी रेघ, दोन धाग्यांची. "हे कुणाचं टार्टन?" त्याने विचारलं. मी टेपची गुंडाळी सोडत होते. मी म्हटलं, "कुणाचंच नाही."

असं मी का म्हटलं हे मला अजून नीट सांगता येत नाही. सवयीने म्हटलं असेल. घराण्याघराण्यांच्या चौकटींची नोंद असते त्या पुस्तकात ते नाही, आमच्या इम्री घराण्याला स्वतःचं टार्टन नाही, त्या अर्थाने खरंच कुणाचं नाही. पण ते मी स्वतः कागदावर आखलं होतं आणि बॉर्डर्सकडच्या एका छोट्या गिरणीतून नऊ वार विणून आणलं होतं, इनिससाठी, तो बावीस वर्षांचा असताना. गिरणी केव्हाच बंद पडली. त्या नऊ वारांतला हा एक तुकडा भिंतीवर आणि बाकीचं सगळं खिडकीखालच्या तळच्या खणात, चुण्या घातलेलं, कच्च्या टाक्यांनी धरलेलं, न संपलेलं. ओपोकूने तो तुकडा बोटाने जरा चोळला, कापडातलं कळणारा माणूस चोळतो तसा. "कुणाचंच नाही तर मग माझं चालेल," तो म्हणाला. आणि माझ्या तोंडून निघालं, "चालेल. आहे माझ्याकडे." मग मी माप घेतलं. मग त्याचा हात हातात घेऊन मीच त्याला जिन्यापर्यंत सोडलं आणि परत येऊन पाहते तर कार्डावर साडेएकतीस.

सव्वीस वर्षांपूर्वी, त्या रविवारी स्वयंपाकघरात उजेड फार छान होता. इनिसने अर्धवट किल्ट कंबरेला गुंडाळला होता, पांढरे कच्चे टाके मागे सगळीकडे दिसत होते. आमच्या धंद्यात ती नेहमीची थट्टा आहे. एखादा नवरदेव घाईत किल्ट घेऊन जातो, टाके काढायचे राहून जातात आणि सगळं चर्च त्याच्या पाठीमागे बसून खुदखुदतं. इनिस मुद्दाम ढुंगण हलवत फरशीवर कवायत करत होता. "सरळ उभा राहा," मी म्हणत होते, तोंडात टाचण्या. "पोट आत ओढू नकोस. खोटं माप घेऊन मला काय करायचंय." तो म्हणाला, "कंबरेत माया ठेव, आई. मी म्हातारा होईन, तुझ्या जेवणाने लठ्ठ होईन, तेव्हा सोडायला हवी." मी आत कापड दुमडून भरपूर माया ठेवली होती. मग त्याने किल्ट खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि मित्राची बोट घेऊन न्यूहेवनहून इंचकीथ बेटाकडे गेला. बोट मंगळवारी सापडली, तळाशी हातभर पाणी, वल्ही जागच्या जागी. तो सापडला नाही. ज्यांची माणसं मिळतात ती बायामाणसं त्यांना किल्ट घालून पुरतात, निदान तेवढं काम तरी हाताला मिळतं. मला मिळालं नाही. मी किल्ट उचलला आणि दुकानात आणून खणात ठेवला, कारण घरात त्या खुर्चीकडे पाहवत नव्हतं.

मला शिकवणाऱ्या मिसेस ड्रायबर्ग फार कडक होत्या. त्यांच्या टेबलावरून किल्ट जाताना शेवटचा पांढरा धागा त्या गिऱ्हाइकाच्या समोर, त्याच्या अंगावरच कापायच्या. तोवर तो त्यांचा असे, मग त्याचा. मीही तेच करत आले. इनिसच्या किल्टचा धागा कुणी कापला नाही, म्हणजे तो माझ्याचकडे होता, आणि तो माझ्याकडे आहे तोवर इनिसचं माप घेणं अजून चालू आहे, कुठेतरी, संपलेलं नाही, असं मी धरून चालले होते. वेडेपणा आहे हे मला कळतं. पण एका वेड्या गोष्टीवर मी सव्वीस वर्षं वेळेवर कामाला येत होते. आता मी स्वतःच्या तोंडाने म्हटलं होतं की कुणाचंच नाही, आणि ते कापड एका बस ड्रायव्हरला कबूल केलं होतं.

मी कार्ड फाडलं आणि ओपोकूला पुन्हा बोलावलं. निरोप दिला की कार्डावर चहा सांडला. तो गुरुवारी बसची पाळी संपवून आला, केळ्यांचे तळलेले काप घेऊन. या खेपेला मी स्ट्रूअनला वर बोलावून पेन त्याच्या हातात दिलं. "मी सांगते, तू लिही." टेप मी डोळ्यांजवळ धरली. चाळीस. स्पष्ट चाळीस, काळ्या ठळक आकड्यांत, माझ्या अंगठ्याच्या नखाशी. मी सांगितलं, त्याने लिहिलं. सीट शेहेचाळीस. सांगितलं. ओपोकू आरशापुढे गुडघ्यांवर बसला. लांबी सव्वाचोवीस, ती मात्र इनिसएवढीच निघाली. उंचीला दोघं सारखेच म्हणायचे. तो गेल्यावर मी हात पुढे केला तर स्ट्रूअन कार्ड देईना. ते पाठीमागे धरून माझ्याकडे बघत राहिला. चाळिशीचा बाप्या, पण चेहरा शाळेतल्या पोरासारखा झाला होता.

"नेटा, रागावू नका," तो म्हणाला. "तुम्ही साडेएकतीस म्हणालात."

"मी चाळीस म्हणाले."

"साडेएकतीस म्हणालात. तो बिचाराही चमकला. मी त्याला डोळ्याने खूण केली की गप्प राहा. सीटला सदतीस म्हणालात." मग त्याने विचारलं, "ते तुमच्या नोव्हेंबरातल्या गिऱ्हाइकाचं माप आहे का?"

"कुठलं गिऱ्हाईक?"

"दरवर्षी येतं ते. नऊ तारखेला."

नऊ नोव्हेंबर इनिसचा वाढदिवस. त्या दिवशी मी खण उघडते, लॅव्हेंडरच्या पुरचुंड्या बदलते आणि खण लावते. पाच मिनिटांचं काम. मी स्ट्रूअनला तेच सांगितलं. तो कार्डाचा कोपरा दुमडत राहिला. "दार लावून घेता तुम्ही," तो म्हणाला. "सकाळी लावता ते चहालाही उघडत नाही. बाबांच्या वेळेपासून. बाबा म्हणायचे, त्या दिवशी वर जायचं नाही. तुम्ही बोलत असता. सरळ उभा राहा म्हणता. पोट आत ओढू नकोस म्हणता. कुणी आलेलं मी कधी पाहिलं नाही, पण मागच्या दाराने येत असेल असं मला वाटायचं. गिऱ्हाइकांबद्दल मी तुम्हाला कधी काही विचारलंय का?" ते खरं होतं, त्याने कधी विचारलं नव्हतं. "संध्याकाळी तुम्ही खाली येता तेव्हा बोटं सुजलेली असतात," तो म्हणाला. मी त्याला खाली जायला सांगितलं. तो दोनदा मागे वळून बघत गेला.

खोलीत दुपारचं ऊन होतं, खाली ट्राम जात होती, कुणीतरी कुत्र्याला हाक मारत होतं. भीती वाटायला कसलंही कारण नव्हतं आणि मला इतकी भीती वाटत होती की खणाची मूठ ओढताना मनगटातून कळ गेली. खण अडला नाही. जो खण वर्षातून एकदा उघडतो तो अडायला हवा. वरचा पातळ कागद नवा होता. मी तो बाजूला केला आणि सगळ्यात आधी मला पांढरे टाके दिसले. ते पांढरे होते. सव्वीस वर्षांचा सुती धागा पिवळा पडतो, जुन्या दातांसारखा होतो. हा दुधासारखा होता. गेल्या वर्षी आणलेल्या रिळाचा, मला त्याचा पीळ ओळखता येतो. मी किल्ट बाहेर काढून टेबलावर पसरला आणि आधीच कळलं की तो रुंद आहे. टेप लावली. या खेपेला मोठ्याने काही बोलले नाही. चाळीस. पुन्हा लावली, उलट्या टोकाकडून. चाळीस.

मग मी तो उलटा केला आणि आतलं अस्तर पाहिलं, आणि त्यावरच्या शिवणीच्या जुन्या खुणा. उसवलेली एक ओळ, तिच्याशेजारी पाव इंचावर दुसरी, मग तिसरी, कुठे अर्ध्या इंचावर. जिथून टाके निघाले तिथे सुईची बारीक भोकं राहिलेली. चुण्या तर किती वेळा मोडून नव्याने घातल्या होत्या देव जाणे, कारण पिवळी रेघ आजही प्रत्येक चुणीच्या मध्यावर चोख बसली होती, पुढची चौकट मागेही मोडलेली नव्हती, आणि तसं करायचं तर एकेक चुणी सोडून, भिजवून, इस्त्री करून पुन्हा मोजावी लागते. हे काम जिला येतं अशी या शहरात मला एकच बाई माहीत आहे. टाके बारीक, उजवीकडे जरा झुकलेले, दर इंचाला चौदा. मी ते मोजत बसले. तेवीस, चोवीस, पंचवीस वर्षांचा इनिस. तिशीत एका वर्षी अर्धा इंच वाढलेला, त्या वर्षी तो खूश असेल किंवा त्याला कुणीतरी चांगलं जेवायला घालत असेल. पस्तिशीत एक ओळ चक्क आत आली होती. आजारी होता का? मला खरंच काळजी वाटली. माझ्या डोक्यात तो बावीस वर्षांचा, साडेएकतीस कंबरेचा, स्वयंपाकघरात उड्या मारत थांबला होता, आणि माझी बोटं मला न विचारता, दार लावून, त्याला अठ्ठेचाळीस वर्षांचा करत आली होती. त्याला पोट सुटलं होतं. तो म्हणाला होता तसंच. मी तिथे बसून रडले, सव्वीस वर्षांत पहिल्यांदा, आणि मग थांबले, कारण लोकरीवर पाण्याचे डाग पडतात.

शिवणीचं काम काहीच उरलं नव्हतं. पट्टे लावायचे होते, बकलं लावायची होती, एक इस्त्री. मी ते तीन दिवसांत केलं. देऊ नये असं मला किती वेळा वाटलं ते मोजलं नाही. स्ट्रूअनला सांगून ओपोकूला दुसरं काही चांगलं टार्टन दाखवता आलं असतं, तो नाही म्हणाला नसता. पण त्या कंबरेत आता इनिसचं बावीस वर्षांचं अंग भरलं नसतं, किल्ट लोंबला असता. तो किल्ट बावीस वर्षांच्या मुलाचा उरलाच नव्हता. तो एका पोक्त माणसाचा होता, आणि पोक्त माणूस खणात किती दिवस राहील. आणि दुसरी गोष्ट सांगायची तर मला खण उघडायची आता भीती वाटत होती.

पुढच्या आठवड्यात शनिवारी सकाळी ओपोकू आला. पडद्यामागे जाऊन त्याने किल्ट घातला आणि बाहेर आला. बकलाचं मधलं भोक, ना घट्ट ना सैल. कंबरेवर बसला होता तो जन्मापासून तिथेच असल्यासारखा. चुण्या मागे एकदा हलल्या आणि आपापल्या जागी आल्या. "मॅडम," तो हळूच म्हणाला, "त्या दिवशी तुम्ही साडेएकतीस म्हणालात तेव्हा मी घरी जाऊन बायकोला सांगितलं, बहुतेक मला किल्टऐवजी उशीचा अभ्रा मिळणार." मी म्हटलं, "बसा गुडघ्यांवर, शेवटची लांबी बघू." माझी सगळी गिऱ्हाइकं आरशापुढे बसतात, तोही त्या गुरुवारी तिथेच बसला होता. आज तो सरळ खिडकीकडे चालत गेला आणि खणाच्या समोर गुडघे टेकले. "इथेच ना?" तो म्हणाला. "जागा दिसतेय." मी पाहिलं. जमिनीच्या फळीवर दोन गुळगुळीत खळगे होते, वीतभर अंतरावर, गुडघ्यांच्या मापाचे, बाकीच्या लाकडाहून फिके. चर्चमधल्या बाकांपुढे असतात तसे. माझ्या त्या खोलीत पन्नास वर्षं गेली आहेत आणि मी ते कधी पाहिले नव्हते. त्याचे गुडघे त्यांत नीट बसले.

काठ जमिनीपासून नाण्याच्या जाडीएवढा वर राहिला. मी मागे वाकले आणि कात्रीने पांढरे धागे काढायला लागले. एकेक चुणी मोकळी होत गेली. शेवटचा धागा राहिला तेव्हा माझा हात थांबला आणि तो बराच वेळ थांबलेला असणार, कारण ओपोकूने मान न वळवता विचारलं, "हे खरंच कुणाचंच नाही का?"

"इनिसचं आहे," मी म्हटलं. "माझा मुलगा. बुडाला. त्या दिवशी मी तुम्हाला खोटं सांगितलं."

तो उठला नाही. त्या दोन खळग्यांत गुडघे टेकून तसाच बसून राहिला. खालून स्ट्रूअन कुणालातरी सहा खिसे दाखवत असल्याचा आवाज येत होता. मग ओपोकू म्हणाला, "त्याला विचारलंत का?"

"तुम्हीच घातलाय. तुम्हाला काय वाटतं?"

त्याने कंबरेवर दोन्ही तळवे ठेवले, पट्ट्याच्या वर, जिथे अंग कापडाला लागतं. थोडा वेळ तो ऐकत असल्यासारखा बसला. "उबदार आहे," तो म्हणाला. "आताच कुणीतरी काढून दिल्यासारखा." त्याने हात काढले नाहीत. मी शेवटचा धागा कापला.

तो उठला. पैसे वगैरे खाली स्ट्रूअन बघणार होता. जिन्याच्या तोंडाशी तो थांबला. "लग्न झालं की परत आणून देऊ का, मॅडम? मी रागावणार नाही." मी जमिनीवरचे धागे गोळा करून मुठीत धरले होते. लॅव्हेंडरच्या पुरचुंड्या नेहमीप्रमाणे आणून टेबलावर ठेवलेल्या होत्या, कधी आणल्या ते आठवलं नाही.

"नको," मी म्हटलं. "घाला भरपूर. नऊ नोव्हेंबरला तेवढे या, सकाळी, पुढच्या दाराने. कंबर बघू."

"तोवर कशाला बदलेल?"

"बदलते," मी म्हटलं. "दरवर्षी पाव इंच, कधी अर्धा. आत अजून माया आहे."